साडेचार माणसांचा कारखाना

माझी आत्या आयुष्यात एकदाच चारचौघांत ‘गाढवांनो’ असं ओरडली, आणि तेही कायदे करणाऱ्या समितीसमोर. मी तिथे होते. ऑफिसात रजा टाकून, तिची फायलींची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. म्हणून छातीठोकपणे सांगते, शब्द स्पष्ट होता आणि आवाज मागच्या दारापर्यंत गेला.

आत्या शीतपेय उत्पादक संघटनेची चिटणीस. नाव भारदस्त, ऑफिस मात्र शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकेचाळीस सभासद, सगळे लहान. कुणी सरबत करतं, कुणी आल्याचं पेय, आणि निम्म्याहून जास्त गोटीच्या बाटलीत सोडा भरणारे. सरकारनं पेयांबद्दल काही नवीन काढलं की आत्यानं ते वाचायचं, सभासदांच्या डोक्यात उतरवायचं आणि मग लोकप्रतिनिधींना पटवायचं. भिंतीवर तिचा नकाशा होता. प्रत्येक कारखान्याच्या जागी टाचणी, आणि टाचणीला तिथल्या प्रतिनिधीच्या नावाची चिठ्ठी.

“वेळ साहेब देत नाहीत,” ती म्हणायची, “दाराजवळच्या टेबलावरची बाई देते. तिला आधी नमस्कार. सांगायचं ते एका पानात. आणि खोकी-बिकी भेट द्यायची नाहीत. एक ग्लास द्यायचा, तोही समोर बसून प्यायला.”

आता यातली गंमत अशी की सभासद क्रमांक सतरा म्हणजे माझे बाबा. तिचा सख्खा धाकटा भाऊ. पण हे संघटनेत कुणालाही माहीत नव्हतं. गावं वेगळी, लग्नानंतर आडनाव वेगळं, आणि आत्याचा स्वभाव असा की चिटणीस भावाचंच बघते असं कुणी कुजबुजलेलंही तिला खपलं नसतं. त्यामुळे संघटनेच्या सभेत ती बाबांना म्हणायची, “अहो सतरा नंबर, तुमची वर्गणी वेळेवर येत नाही.” आणि घरी आली की त्याच माणसाचा कान धरून, “पुन्हा उशीर केलास तर बघ!” बाबा दोन्हीकडे मान डोलवायचे. आई नि मी स्वयंपाकघरात जाऊन हसायचो.

त्या वर्षी मात्र हसू पळालं. नवीन कायद्याचा मसुदा आला. त्यातल्या कलम नऊप्रमाणे परत आलेली बाटली धुऊन पुन्हा भरायला बंदी. प्रत्येक बाटली नवी, आणि झाकण यंत्रानं बसवलेलं. मोठ्या कंपन्यांना काहीच फरक पडत नव्हता. आमच्या कारखान्यात मात्र आजोबांच्या वेळचं एकच यंत्र, आणि त्याला गोटीच्या बाटलीशिवाय दुसरी बाटली चालतच नाही. कलम पास झालं असतं तर दुसऱ्या दिवशी कुलूप. बाबा नळाखाली तीच बाटली तीन-तीनदा धुऊ लागले.

आत्या कामाला लागली. प्रत्येक सभासदानं आपापल्या प्रतिनिधीला हातानं पत्र लिहायचं असं ठरलं. नमुना तिनं करून दिला आणि भर सभेत बजावलं, “कंसात जे आहे ते आपापलं भरा. बाकी जसंच्या तसं उतरवा.”

इथे तिचं चुकलं. या माणसांचा धंदा कोणता? एक बाटली भरायची, आणि मग पुढच्या हजार तिच्यासारख्याच भरायच्या. एखादी बोटभर कमी-जास्त दिसली तर यांना जेवण जात नाही. त्यांनी वाक्यातलं फक्त ‘जसंच्या तसं’ तेवढं ऐकलं. पत्रंसुद्धा तशीच भरली, एकसारखी, काठोकाठ. प्रतिनिधींनी ती पुढे समितीकडे पाठवली.

समितीच्या अध्यक्षीणबाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. सुनावणीच्या दिवशी त्यांच्यासमोर पत्रांचा गठ्ठा होता आणि चेहरा अगदी वह्या तपासतानाचा. समोर दोन रांगांत आमचे एकेचाळीस सभासद, इस्त्रीच्या कपड्यांत, घामाघूम.

“मी एक पत्र वाचते,” बाई म्हणाल्या. “‘माझ्या कारखान्यात, कंसात, इथे संख्या लिहा, कंस पूर्ण, माणसं काम करतात. हा धंदा माझ्या, कंसात, वडिलांनी किंवा आजोबांनी, जे लागू असेल ते, मोठ्या कष्टानं उभा केला.’ मला अगदी भरून आलं. मग दुसरं उघडलं. त्यातही ‘जे लागू असेल ते’ यांनीच कष्ट केले होते. खाली नाव आहे ‘आपला नम्र, कंसात, सही’.”

समितीतले एक जाडजूड प्रतिनिधी टेबलावर डोकं टेकून हसू लागले. आत्यानं कपाळाला हात लावला. आमचे संघटनेचे अध्यक्ष, सरबतवाले, सावरायला उभे राहिले. भाषण आत्यानंच लिहून दिलेलं. त्यांनी घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, “बाटली ही आमच्यासाठी नुसती बाटली नाही. कंसात, इथे थोडं थांबावं.”

आणि थांबले.

तेव्हा आत्या उठली आणि ओरडली, “गाढवांनो, कंस भरायचे असतात!”

सभागृहात असा हशा पिकला की पाण्याचे ग्लास हलले. माझ्या मांडीवरून फायली घसरल्या. अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. “कोण तुम्ही?”

“चिटणीस. हे सगळं मीच लिहिलंय.”

“मग शिक्षा तुम्हालाच. आत्ता माझ्यासमोर यांच्याकडून तोंडी भरून घ्या.”

आत्यानं पर्स खुर्चीवर ठेवली. “एक नंबर! किती माणसं?”

“अकरा.”

“सुरू कुणी केलं?”

“सासूबाईंनी. सासरे घरी बसून डोकं खायचे म्हणून.”

पुन्हा हशा. दोन नंबरच्या कारखान्यात सात माणसं, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, निरोप बाटलीवर खडूनं लिहून पाठवतात. पाच नंबरवाल्यानं सांगितलं की त्याच्याकडच्या बाटल्या त्याच्या वयाच्या आहेत आणि त्याच्याइतक्या टकल्या नाहीत. माणसं खुलली. घाम वाळला. समितीतले लोक पुढे झुकून ऐकू लागले, आणि ते जाडजूड प्रतिनिधी तर उतरवून घेऊ लागले. आनंदानं मला बसवेना.

“सोळा नंबर, किती?”

“सहा.”

“अठरा नंबर!”

“सतरा?” अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

“त्यांचं राहू द्या,” आत्या म्हणाली. बाबा छताकडे बघत होते.

“राहू कसं द्यायचं? हे एकच तर भरलेलं आहे.” बाईंनी गठ्ठ्याच्या तळातून एक कागद काढला आणि वाचला. “‘माझ्या कारखान्यात साडेचार माणसं काम करतात. मी, बायको, यंत्रावरचे काका, बाटल्या धुणाऱ्या ताई. उरलेली अर्धी माझी बहीण. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, ती एकोणीस. मी मोठा होईपर्यंत यंत्र तिनं चालवलं. बाटली फुटून तिच्या डाव्या भुवईवर खूण पडली आहे. ती आज तुमच्यासमोर असेल आणि मला ओळखत नाही असं दाखवेल. कारखाना बंद झाला तर ती सगळ्यांसाठी भांडेल आणि स्वतःचं कुणाला सांगणार नाही. म्हणून मी कंसात लिहितो आहे.’”

सगळ्यांनी आत्याच्या भुवईकडे पाहिलं. तिनं तिथे हात नेला, पण उशीर झाला होता.

“कुणी सांगितला होता हा शहाणपणा?” ती बाबांवर कडाडली. आवाज फुटला होता. “आकडा लिहायचा होता, नुसता आकडा!”

“तूच म्हणालीस, आपलं आपलं भरा,” बाबा म्हणाले. संघटनेच्या माणसांसमोर त्यांनी तिला पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं.

सरबतवाले अध्यक्ष हळूच मला म्हणाले, “भाऊ? आणि वर्गणीवरून सगळ्यात जास्त बोलणी त्यालाच?” मी मान हलवली आणि घसरलेल्या फायली गोळा करायला वाकले.

तीन आठवड्यांनी निर्णय आला. आत्यानं यादीप्रमाणे चाळीस फोन केले. आम्हाला नाही केला. आम्ही दिवसभर फोनजवळ बसून होतो, तोंडचं पाणी पळालेलं. दुपारी चारला कारखान्याचं दार ढकलून तीच आत आली. पर्स खिळ्याला अडकवली, बाह्या सरसावल्या आणि यंत्रावरच्या काकांना बाजूला सारून एक रिकामी बाटली चढवली.

“ताई, कलम नऊचं काय झालं?” बाबांनी विचारलं.

तिनं यंत्राची मूठ फिरवली. गॅस फसफसला, गोटी टक्कन वर जाऊन बसली. तिनं बाटली उजेडात धरून पातळी बघितली.

“गेलं. बाटल्या धुऊन तपासून घ्यायच्या, बस्स.” मग दुसरी चढवत म्हणाली, “आणि साडेचार काय लिहितोस रे? पाच लिहायचं.”