कुणबीण म्हणजे कोण

आमची लेक हर्षा कुठे, कोणासमोर काय बोलून बसेल, ही धास्ती माझ्या मनातून जात नाही. सव्वीस वर्षांची झाली, पण समोरच्याचं तोंड पाहून बोलणं तिला अजून जमत नाही. आर्वीहून एसटीने नागपूरला जाते, दप्तरखान्यात इंग्रजांच्या काळातले कागद उलथते आणि भोसल्यांच्या राज्यात विकल्या गेलेल्या बायकांचा माग काढते. घरच्या भाजीत मीठ आहे की नाही ते कळत नाही, अन् दोनशे वर्षांपूर्वीची बाई कशी पळाली ते मात्र सांगते!

रविवारी रोहण्याहून तिला बघायला पाहुणे आले. मुलाचे काका रूपरावजी पोहे खाता खाता म्हणाले, "काय शिकून राह्यली बाई?"

"कुणबिणींवर पीएचडी करून राह्यली," ह्यांनी सांगितलं.

"वा! आपल्याच समाजावर!"

मनात म्हटलं, आता गप्प बस माय. ती कसली बसते!

"नाई काका. विकत घेतलेल्या बाईले जुन्या कागदांत कुणबीण म्हणत. गुलाम बाई."

बशी खाली आदळली. "मंग आमची माय गुलाम होती काय?"

"जातीचा संबंधच नाई त्यात."

"मंग दासी लिही ना!"

"कागदात दासी नाई, काका."

पाहुणे गेले. संध्याकाळी निरोप आला: मुलगी पसंत आहे, फक्त प्रबंधातून तो शब्द काढा. ह्यांनी परस्पर होकारही देऊन टाकला. "एका शब्दापायी असं स्थळ घालवतं काय?" मीही हर्षावर ओरडले. आम्हीही कुणबीच, उद्या लोक मलाच विचारतील.

ती भांडली नाही. तिने उतरवून आणलेला एक कागद वाचून दाखवला. आष्टीकडची एक बाई मालकाच्या घरून पळाली. माझी कुणबीण परत द्या, अशी मालकाने तक्रार केली. इंग्रज साहेबाला वाटलं, कुणब्याची बायको. त्याने तिला 'नवऱ्या'कडे पोचती करायचा हुकूम दिला.

"शब्द समजला नाई म्हणून तिले परत धाडलं, आई. अन् आता मीच तो खोडू?"

मला चीड आली. त्या साहेबाची आली, हिची आली, सगळ्यात जास्त ह्यांची आली. सगळं निस्तरल्यासारखे घोरून राहिले आहेत.

सकाळी हे उठायच्या आत रोहण्याला फोन लावते. रूपरावजींना सांगते, होकार ह्यांचा होता, हर्षाचा नाही. शब्द राहील.