चाचांच्या दुकानातली दुखणाईत रिव्हॉल्वरं

किस्से जमवावे लागत नाहीत, एका जागी बूड टेकून बसलं की आपोआप साठतात. साताऱ्यात इस्माईलचाचांच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानाला चिकटून माझं सुतारकामाचं दुकान आहे. लोखंडाचं चाचा बघतात, लाकडाचं मी. बंदुकीचे दस्ते, रिव्हॉल्वरच्या मुठी, सगळं माझ्याकडे. लोक मला मिस्त्री म्हणतात. मी रोज भुसा झाडतो, तरी दुसऱ्या दिवशी तेवढाच होतो. किस्स्यांचंही तसंच झालंय, झाडून संपतच नाहीत!

चाचांची गिऱ्हाइकं सगळी लायसनवाली. ऊसवाले बागायतदार, फौजेतून रिटायर झालेले, महाबळेश्वरचे हॉटेलवाले. दुकानाचा नियम एकच. दुरुस्ती झाली की रिकाम्या रिव्हॉल्वरचा चाप साठ वेळा ओढायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. साठात एकदा जरी अडखळलं, तरी पुन्हा सगळं खोलायचं.

कुणी घाई केली की चाचा म्हणतात, "हे हत्यार दहा वर्सं लागायचं न्हाई, आन् एक दिवस लागंल. त्या दिवशी ते 'थांबा जरा' म्हनलं तर चालंल व्हय?"

पण दोन वर्षांपूर्वी चाचांचाच उजवा हात थरथरायला लागला. त्यांची मुलगी नसीम आयटीआय झालेली, दुकानाच्या कागदांवर नाव असलेली, आणि हाताला कसब थेट बापाचं. पण तिच्या हातात रिव्हॉल्वर द्यायला गिऱ्हाईक तयार नाही. आजोबांपासून चालत आलेलं दुकान आपल्या हाताबरोबर बंद पडणार, हा एकच घोर चाचांना लागला होता. मला तर त्या गिऱ्हाइकांचा असा राग यायचा की काय सांगू!

*

एक तरुण बागायतदार आला. गळ्यात चेन, डोळ्यांवर गॉगल. म्हणाला, "चाचा, चाप लय जड हाय. मोबाईलवानी करा. नुसतं बोट लावलं की झालं."

चाचांनी त्याला समोर बसवलं. "ह्यो डबल अ‍ॅक्शन हाय गड्या. तू चाप वढतोस तवा घोडा मागं जातो, सिलिंडर फिरतं, आन् मग घोडा पडतो. एवढं काम एका बोटानं करायचं म्हंजी जड लागनारच. ते जड हाय म्हनून तू खिशात घालून हिंडतोस. मऊ केला तर पयल्या खड्ड्याला मांडीला भोक!"

"मी बघून चालवतो की गाडी!"

"बरं. हितनं निघालास की पयला खड्डा कुठं हाय?"

गॉगल काढून त्यानं बाहेर पाहिलं. खड्डा दुकानाच्या दारातच होता आणि त्याची जीप त्यातच उभी होती. चाप होता तसाच घेऊन तो गेला!

*

आमच्याकडे खरा सीझन दसऱ्यानंतरचा. खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची पूजा होते. घरची माणसं भक्तीनं हळद, कुंकू, अक्षता, दिव्याचं तेल सगळं त्या रिव्हॉल्वरवर घालतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग!

तासगावकडचे एक अण्णा दरवर्षी यायचे. त्यांच्या रिव्हॉल्वरमधून चाचांनी एकदा मूठभर अक्षता काढल्या. शेवटी चाचा वैतागले.

"अण्णा, हळद आतल्या तेलात बसून घट्ट होतीया. चाप हलंना झालाय!"

"आवं, पूजा न्हाई केली तर हत्यार कोपतंय!"

"आन् केली तर अडकतंय! असं करा, पूजा लायसनची करा. मान पोचला की झालं."

पुढच्या दसऱ्यानंतर अण्णा आले. रिव्हॉल्वर एकदम झकास, एक कण नाही आत. चाचा खूश झाले. मग अण्णांनी हळूच पिशवीतून लायसनचं पुस्तक काढलं. फोटो, सही, शिक्का सगळं कुंकवाच्या पाण्यात विरघळलेलं.

"चाचा," अण्णा म्हणाले, "हापिसातला सायेब म्हंतोय, हत्यार वळखू येतंय, तुमी येत न्हाई!"

*

डिसेंबरात महाबळेश्वरचे एक हॉटेलवाले टॅक्सी करून खाली आले. चाप जाम झालाय म्हणाले. चाचांनी ओढला तर अगदी सुरळीत. साठ वेळा ओढला, साठही वेळा सुरळीत. हॉटेलवाले वर गेले आणि रात्रीच फोन, "चाचा, पुन्हा जाम!" दुसऱ्या दिवशी खाली आले, तर पुन्हा सुरळीत. असं तीनदा झालं.

मी म्हणालो, "माणसाला घाट लागतो तसा ह्याला लागत असंल!"

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप रंधा हातात घेतला.

तेवढ्यात नसीम आतून आली. रिव्हॉल्वर नाकाशी नेलं आणि म्हणाली, "अब्बा, खोबरेल हाय."

हॉटेलवाले लाजले. "घरात तेवढंच होतं. डोक्याला लावतो तेच ह्याला लावलं."

वर थंडीत खोबरेल गोठत होतं आणि साताऱ्यापर्यंत येईतो वितळत होतं! नसीमनं सगळं धुऊन नीट तेल दिलं. हॉटेलवाले मात्र जाताना चाचांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मानलं तुमच्या नजरेला!" नसीम समोर उभी होती. नजर कुणाची आणि नाक कुणाचं! माझं डोकं फिरलं, ती मात्र हसत आत गेली.

*

हा किस्सा माझ्याच फजितीचा आहे, तो लपवून चालणार नाही.

मूठ हाताच्या मापाची करायची तर मी गिऱ्हाइकाला ओल्या शाडूचा गोळा दाबायला लावतो. बोटांचे ठसे उमटतात, त्याबरहुकूम मी शिसवी लाकूड कोरतो. वाळव्याकडच्या एका बागायतदाराला यायला वेळ नव्हता, कारखाना सुरू होता. मी गोळा ओल्या फडक्यात बांधून पाठवला. चार दिवसांनी तो दाबून परत आला. पंधरा दिवस खपून मी मूठ केली. आयुष्यात इतकी देखणी मूठ मी केली नव्हती.

बागायतदार घ्यायला आले. मूठ हातात धरली तर बोटं चापापर्यंत पोचेनात! मी चार वेळा माप बघितलं. मग त्यांच्या मागे उभा असलेला सालगडी पुढे झाला. पंजा केवढा, फावड्याएवढा! "मिस्त्री, गोळा म्या दाबल्ता. धनी फडात हुते, म्हनलं कशाला तरास द्यायचा!"

बागायतदारांनी कपाळावर हात मारला. गडी समजूत घालायला लागला, "आता कसं करायचं धनी? तुमी नेम धरा, मी चाप वढतो!"

लाकूड माझं गेलं. पण त्या गड्यानं ती मूठ हातात धरल्यावर काय शोभली होती!

*

आता सुभेदार. माण तालुक्यातले, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, माळावर एकटी वस्ती. पाठीचा कणा अजून परेडवर असल्यासारखा. साताऱ्यातले निम्मे माजी सैनिक ह्यांच्या शब्दावर दुकान ठरवतात, म्हणजे आमची निम्मी गिऱ्हाइकं ह्यांच्या जिभेवर!

एकदा ते आले तेव्हा चाचा दवाखान्यात गेले होते. नसीमनं हात पुढे केला. सुभेदारांनी रिव्हॉल्वर दिलं नाही. "चाचा यीस्तोवर बसतो." तीन तास बसले, रिव्हॉल्वर मांडीवर. नसीमनं चहा दिला, तो मात्र घेतला.

ती म्हणाली, "सुभेदारकाका, च्या माझ्या हातचा चालतो व्हय?"

"च्या अडकला तर जीव जात न्हाई पोरी!"

नसीम हसली नाही. कप उचलून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या दिवसापासून चाचांनी दुकानात पडदा लावला. ते पुढे टेबलाशी बसायचे, उजवा हात टेबलाखाली. काम पडद्यामागे नसीम करायची. विचारलं तर चाचा म्हणायचे, "मीच केलं." खोटं बोलताना त्यांचा चेहरा बघवत नसे.

*

गेल्या महिन्यात सुभेदारांचं रिव्हॉल्वर बिघडलं. सिलिंडर फिरायचं, पण मध्येच डगमगायचं, जागेवर बसायचंच नाही. दोन ठिकाणी त्यांना सांगितलं होतं, टाकून द्या. बरं, पार्ट मिळत नाही, हातानंच घडवायचा.

चाचा स्वतः बसले. म्हणाले, "सुभेदाराचं काम हाय, हे तरी मीच करनार." कानस हातात घेतली. लोखंडाला लागायच्या आधीच ती टकटक वाजायला लागली. दहा मिनिटं प्रयत्न केला. मग कानस खाली ठेवून म्हणाले, "मिस्त्री, हे आता आपलं न्हाई." माझेच डोळे भरून आले.

नसीमनं चार दिवस घालून तो पार्ट घडवला. पाच वेळा बसवला, पाच वेळा काढला, सहाव्यांदा बसला.

सुभेदार आले. चाचा टेबलाशी, हात खाली. नसीम पडद्यामागे. मी रंधा थांबवला. त्यांना संशय आला असता तर दसऱ्यापर्यंत दुकानाला कुलूप लागलं असतं, हे आम्हां तिघांनाही माहीत होतं.

सुभेदारांनी रिकामं आहे ना ते दोनदा बघितलं, चुकून गोळी सुटलीच तर अडावी म्हणून ठेवलेल्या वाळूच्या पेटीकडे नळी केली आणि चाप ओढायला सुरुवात केली. घाई नाही, गडबड नाही. सिलिंडर प्रत्येक वेळी ठक्क जागेवर. साठ झाल्यावर त्यांनी रिव्हॉल्वर पुसून ठेवलं.

"चाचा, काम तुमीच केलं न्हवं?"

"मग? दुसरं कोन करनार?" चाचा टेबलाकडे बघत म्हणाले.

"बरं, बरं." सुभेदारांनी पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं काढून चाचांच्या पुढ्यात ठेवलं. "मग हे तुमास्नी."

चाचांनी डाव्या हातानं पुडकं सोडलं. आत हिरव्यागार काचेच्या डझनभर बांगड्या!

माझ्या अंगाची लाही झाली. सत्तरीच्या माणसाला बांगड्या? मी उठलोच. पण चाचांचा उजवा हात आपोआप टेबलावर आला, बांगड्यांवर गेला, आणि त्या थरथरत्या हातात बांगड्या किणकिणायला लागल्या.

सुभेदार उठले. पडद्याकडे तोंड करून ताठ उभे राहिले, फौजेत साहेबासमोर राहतात तसे.

"माप अंदाजानं आनलंय," ते म्हणाले. "न्हाई बसल्या तर कासार बदलून देतो म्हनलाय."