आबांचा स्ट्रेन

दुसऱ्या नमुन्यातले जंतू वाढवलेल्या सगळ्या काचेच्या प्लेट उजेडात धरून पाहून झाल्या, तेव्हा डॉ. वागळ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आमच्या या विभागप्रमुखांनी चष्मा काढला की बातमी चांगली नसे.

"साळवीबाई, यात तो नाही."

"नाही, सर."

"पहिल्या चिखलात होता. त्याच कुंडाच्या, त्याच काठाच्या दुसऱ्या चिखलात नाही. मग पहिल्यात आला कुठून?"

उत्तर मला ठाऊक नव्हते, आणि असते तरी मनात दोनदा घोळवल्याशिवाय मी बोलले नसते. एम.एस्सी.नंतर लग्न, मग मुले, मग सासूबाईंचे आजारपण. मुलुंडच्या या औषध कंपनीच्या संशोधन विभागात मी रुजू झाले तेव्हा चाळिशी जवळ आली होती. माझ्याबरोबर लागलेल्या मुली मला ‘मॅडम’ म्हणत, आणि मी त्यांना घाबरत असे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे काम नवी अँटिबायोटिक्स शोधण्याचे होते. मातीतले काही सूक्ष्म जीव शेजारच्या जीवांना मारण्यासाठी एक द्रव्य सोडतात. ते द्रव्य माणसाला न मारता रोगजंतूंना मारत असेल, तर त्याचे औषध होऊ शकते. पण साध्या मातीतून ओळखीचीच द्रव्ये पुन्हा पुन्हा सापडत होती. म्हणून डॉ. वागळ्यांनी जिथे जगणेच कठीण अशा जागा धरल्या होत्या: भांडुपची मिठागरे, गरम पाण्याचे झरे. कंपनीतला कोणीही रजेवर निघाला की त्याच्या हातात एक निर्जंतुक बाटली आणि चमचा पडे. अकाउंट्समधली माणसे तीर्थयात्रेहून प्रसाद आणि माती एकाच पिशवीतून आणत.

माझ्या घरी रजेची गरज नसलेला एक माणूस होता, माझे सासरे. आबा परळच्या गिरणीतून जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम, म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यापासून ते फारसे बोलत नसत. हिवाळ्यात मात्र रत्नागिरीकडे गावी जात. तिथे जवळच एक उन्हाळे आहे. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला तसे म्हणतात. त्यात बसले की त्यांचे गुडघे सुटे होत. मी संकोचत त्यांना बाटली दिली आणि चिखल कसा घ्यायचा ते सांगितले. परत आल्यावर त्यांनी ती माझ्या हाती ठेवली.

"घे गो. ऊनऊन आणलाय."

बाटली खरोखरच कोमट होती. शालीत गुंडाळून आणली असेल, असे मला वाटले.

त्या चिखलातून पंचावन्न अंश तापमानाला एक स्ट्रेन वाढला. स्ट्रेन म्हणजे एकाच जीवाची शुद्ध वाढवलेली पैदास. खडूची पूड सांडावी तशी त्याची पांढरी वसाहत दिसे. पू करणारे जंतू पसरलेल्या प्लेटवर त्याचा अर्क ठेवला, तर भोवती काचेसारखे स्वच्छ वर्तुळ उमटले. या वर्तुळाला आम्ही झोन म्हणतो; तेवढ्या भागातले जंतू वाढू शकलेले नसतात. असा मोठा झोन त्या विभागात बऱ्याच दिवसांत कोणी पाहिला नव्हता.

मी घरी सांगितले, आणि आबा बोलू लागले. रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आत प्रश्न येई.

"काय गो, आपला पोरगा कसा हाय?"

"बरा आहे, आबा. वाढतोय."

"वाढायचाच. गावचं पाणी हाय."

शेजाऱ्यांना त्यांनी आमच्या गावातून औषध निघतेय म्हणून सांगून टाकले होते. मी त्यांना थोपवायला हवे होते. पण एवढे उमेदीने बोलताना मी त्यांना फार दिवसांनी पाहत होते.

नियम असा की, स्ट्रेन जिथून आला तिथे तो पुन्हा सापडायला हवा. म्हणून या वेळी मी स्वतः जाऊन चिखल आणला होता. आणि त्यात तो नव्हता.

"सोमवारच्या मीटिंगमध्ये मला उत्तर द्यावं लागेल," डॉ. वागळे म्हणाले. "उगम सांगता आला नाही तर कंटॅमिनेशन म्हणायचं आणि स्ट्रेन टाकून द्यायचा."

कंटॅमिनेशन म्हणजे बाहेरचा जीव नमुन्यात शिरणे. साध्या भाषेत, काम करणाऱ्याचा हात स्वच्छ नाही. नमुना माझ्या हातचा होता.

शेजारच्या टेबलावरची लॉरा, आमची टेक्निशियन, हे ऐकून उसळली. "तुझ्या हातून कंटॅमिनेशन? हट्! तू तर चहाचा कपपण स्पिरिटनं पुसतेस. घरी विचार ना जाऊन. सासऱ्यांनी बाटली कुठे उघडली असेल तर?"

संध्याकाळी घरी आले तेव्हा आबा गॅलरीत सुपारी कातरत बसले होते.

"आबा, तो चिखल तुम्ही नेमका कसा आणलात?"

"कसा म्हंजे? तुझ्याच चमच्यानं."

"आणि बाटलीत भरलात."

"बाटलीत मग भरला. हितं घरी आल्यावर."

"मग येताना कशात होता?"

"थर्मासमधी." अडकित्ता थांबला. "बाटली हातात धरली, तर ती गार पडाया लागली. तूच म्हणालीस, ते जीव कढत पाण्यात ऱ्हातात. मग गारठ्यात मरतील का नाय? एस्टीला खिडक्या धड नाय, कशेडीच्या घाटात वारा नुसता कापतो. म्हणून कुंडाचं ऊन पाणी घेतलं, त्यात चिखल घातला नि बूच लावलं."

"थर्मास धुतला होता?"

"उकळत्या पाण्यानं! मी काय येडा हाय?"

ते वेडे मुळीच नव्हते. पण असे काही जीव कठीण काळात बीजाणू होऊन बसतात. बीजाणू म्हणजे चिलखत घातलेली बी. ती उकळते पाणी सोसते, कोरडी पडून वर्षानुवर्षे टिकते. बुचाच्या लाकडाला बारीक छिद्रे असतात. तिथे ती बसली, तर कितीही धुतले तरी निघत नाही.

आणि आमच्या घरात थर्मास एकच होता. सासूबाई घाटकोपरच्या हॉस्पिटलात होत्या, तेव्हा आबा त्यातून त्यांना गरम दूध नेत. सकाळ-संध्याकाळ, स्वतः. मुलाच्या हाती देत नसत. तो हलवतो म्हणत. त्या गेल्यावर थर्मास फळीवर गेला. तो आबांनी खाली काढला, तो या चिखलासाठी.

दुसऱ्या दिवशी मी डॉ. वागळ्यांना सगळे सांगितले.

"मग बूच आणा. चकती कापून प्लेटवर ठेवू."

मी तो थर्मास कोणाचा, ते सांगितले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"मग मागू नका. मी कंटॅमिनेशन सांगतो. तुमचं नाव घेत नाही."

नाव न घेतल्याने काही झाकले जाणार नव्हते. त्या चिखलावर काम करणारी मी एकटीच होते. पण बूच मागण्यापेक्षा ते मला सोपे वाटले.

त्या संध्याकाळी नेहमीचा प्रश्न आला. "आपला पोरगा?"

"आबा, त्याला टाकून देणार आहेत."

"का?"

"तो गावचा नाही. बहुतेक थर्मासमधला आहे."

आबांनी फळीवरच्या थर्मासकडे पाहिले. मग हळू म्हणाले, "म्हंजे तिच्या दुधातला?"

"असेल. खात्री नाही."

"खात्री कशानं व्हते?"

मला खोटे बोलता आले नाही. "बूच कापावं लागेल."

ते उठले. फळीवरून थर्मास काढला. बूच फिरवून बाहेर घेतले, नाकाशी नेले, आणि धुतलेल्या रुमालात गुंडाळून माझ्यापुढे धरले.

"बुचं बाजारात मिळतात," ते म्हणाले. "पण नीट काप हां. भुगा करू नको."

लॉराने नव्या ब्लेडने कडेची पातळ चकती कापली. तिला भुग्याचे सांगितले होते; एरवी बडबड करणारी लॉरा कापताना श्वासही जपून घेत होती. चकतीभोवती पांढरी वसाहत उठली. झोनही तसाच, स्वच्छ. प्लेट पाहताना डॉ. वागळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता.

सोमवारच्या मीटिंगमध्ये डायरेक्टरांनी विचारले, "सो, सोर्स काय?"

डॉ. वागळ्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या खोलीत मी तोवर कधी तोंड उघडले नव्हते.

"घरचा थर्मास, सर. मुलुंड ईस्ट."

सगळे हसले. डायरेक्टरही हसले. "आणि आम्ही लोकांना हिमालयात पाठवतोय!" पण स्ट्रेन ठेवायचे ठरले. उगम सिद्ध झाला होता.

पुढे केमिस्ट्रीच्या मंडळींनी द्रव्य वेगळे केले. ते नवे नव्हते. परदेशात कोणीतरी ते आधीच शोधून, निरुपयोगी ठरवून सोडून दिले होते. आमच्या कामात बहुतेक गोष्टी इथेच संपतात. मात्र त्यानंतर बाटलीबरोबर एक छापील चिठ्ठी जाऊ लागली: ‘नमुना दिलेल्या बाटलीतच आणावा. गरम ठेवू नये.’ नमुना कुठून आणला एवढे विचारून भागत नाही, कशातून आणला हेही विचारावे, हा धडा मला पाठ्यपुस्तकाने शिकवला नव्हता.

द्रव्य नवे नसल्याचे मी आबांना सांगितले, तेव्हा ते उरलेले बूच थर्मासला घट्ट बसते का ते पाहत होते. बसत होते.

"म्हंजे औषध नाय."

"नाही, आबा."

"पण जिता हाय?"

"जिवंत आहे. सुकवून काचेच्या नळीत बंद केलाय. थंड खोलीत ठेवतात. ऊब दिली की पुन्हा वाढतो."

"थंड खोलीत?" त्यांचा हात बुचावरच राहिला. "तिला गारठा सोसायचा नाय. मधी मधी काढून ऊबेत ठेवत जा गो."

सुकवून ठेवलेल्या स्ट्रेनला ऊब देण्याची काही गरज नसते. तो तसाच वर्षानुवर्षे राहतो. मी निवृत्त होईपर्यंत दर हिवाळ्यात त्याची एक नळी उघडून पंचावन्न अंशांवर ठेवत असे, आणि कोणी विचारले तर सांगत असे की, तपासणी चालू आहे.