शेठाणींचा डावा हात

शेठाणींचा डावा हात कधी एका रंगाचा नसे. कोपराच्या आतल्या मऊ बाजूला, जिथे हात दुमडतो तिथे, कधी हळदीचा पिवळा ठिपका असे, कधी कडुनिंबाच्या पाल्याचा हिरवट डाग, तर कधी मुलतानी मातीची वाळून तडकलेली पपडी. जुन्नरच्या बाजारपेठेत त्यांचे किराण्याचे दुकान होते. मागच्या फळीवर काष्ठौषधींच्या बरण्या असत. पुडी बांधून होईपर्यंत गिऱ्हाइकाची नजर त्या हातावरच खिळलेली असे. नवखा माणूस विचारीच, "शेठाणी, हाताला काय झालंय?" त्यावरचे उत्तर ठरलेले होते. "मला कुठं काय झालंय? दुसऱ्याला व्हऊ नाय म्हनून चाललंय."

अंगाला लावायचे कोणतेही औषध दुसऱ्याला देण्याआधी त्या ते आदल्या दिवशी स्वतःच्या हाताला लावून बघत. लाल झाले नाही, झोंबले नाही, तरच पुडी बांधली जाई. लग्नघरातून उटण्यासाठी घाईचा निरोप आला तरी त्या दिवसाचा खाडा होत नसे. त्यांचे यजमान गल्ल्यावरून म्हणत, "आमच्या घरात परीक्षा हात देतो आणि पास दुसरे होतात." शेठाणी हसत नसत. हात पुढे करून, चष्मा कपाळावर चढवून, डाग निरखत बसत.

त्यांच्या आजेसासऱ्यांच्या आधीच्या कुणीतरी राजस्थानातून येऊन जुन्नरात दुकान मांडले होते. पण स्वतः शेठाणी लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या शिनोलीला, वडिलांच्या दुकानात, भीमाशंकरच्या वाटेने येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या बोलण्यात. त्यामुळे त्यांची मराठी त्यांच्या बहुतेक गिऱ्हाइकांपेक्षा गावरान होती. मी शाळेत मराठी शिकवीत असे. माझ्यासमोर बोलताना त्या पहिल्या भेटीतच म्हणाल्या होत्या, "मास्तरीणबाई, माझं काय सुधारू नका. तुमी भाडं द्या, मी पानी सोडते." दुकानावरच्या मजल्यावर आम्ही त्यांचे भाडेकरू होतो.

लिहिण्याची मला सवय नाही. इतरांचे निबंध तपासण्यात उमेदीची वर्षे गेली आणि आता पन्नाशीजवळ हे धाडस करीत आहे. म्हणून जे झाले ते झाले तसे, क्रमाने सांगते.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मला मुलगी झाली. माझी आई तेव्हा हयात नव्हती. बाळंतपणानंतर जायला माहेर नव्हते. मुलगी काही महिन्यांची झाली आणि तिच्या गालांवर, मग कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या वळणांत इसब उठले. कातडी लाल होई, चिरे, त्यातून पाणी सुटे. ती डोके उशीवर घाशी. तिच्या नखांची टोके रक्ताने भरलेली असत. डॉक्टरांनी मलम दिले. त्याने उतरे आणि पावसाळी दमट हवेत पुन्हा चढे. हे सगळे मी बघत होते. वाईट वाटत होते असे म्हटले तर ते खरे होणार नाही. मला काहीच वाटत नव्हते. मुलगी रडली की मी उठत होते, दूध पाजत होते, लंगोट बदलत होते, आणि ते सगळे कुणीतरी दुसरेच करीत आहे असे मला दिसत होते. शक्य तिथे मी तिला हात लावणे टाळी. माझे यजमान घोडेगावला नोकरीला होते. मोटरसायकलवरून सकाळी जात, संध्याकाळी येत, आणि दोघींकडे आळीपाळीने बघत राहत.

राजुरीहून सासूबाई आल्या तेव्हा त्यांच्या हे लगेच ध्यानात आले. बाई कष्टाळू, मनाने सरळ. त्यांनी मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाल्या, "पोरीला मी राजुरीला न्हेते. घरी दुभतं हाय, मानसं हायेत. तू आपली शाळेवर जा. मोठी झाली की आन माघारी." मी मान हलवली. गणपती झाले की न्यायचे ठरले. मुलगी गेली तर घर शांत होईल, एवढाच विचार माझ्या मनात आला, आणि त्या विचाराचाही मला धक्का बसला नाही.

जिन्यात हे शेठाणींच्या कानावर गेले असावे. दुसऱ्या दिवशी त्या तांब्याची परात घेऊन वर आल्या. परातीत गाईचे तूप होते. त्यात पाणी घालून त्या तळहाताने गोल गोल फेसू लागल्या. पाणी गढूळ झाले की ओतायचे, नवे घालायचे, पुन्हा फेसायचे. होता होता तुपाचा पिवळा रंग गेला, वास गेला, आणि लोण्याहून हलका पांढराशुभ्र गोळा परातीत उरला. यासाठीचे पाणीही त्यांनी जैन रीतीप्रमाणे फडक्याने गाळून, उकळून निववून आणले होते. "पान्यातल्या जिवालाबी तरास नको, हिलाबी नको," असे त्या म्हणाल्या. मग रोजचा क्रम लागला. साबण बंद. कोमट पाण्यात कडुनिंबाचा ताजा पाला घालून अंघोळ. अंग पुसायचे नाही, जुन्या मलमलीने टिपायचे. डॉक्टरांचे मलम जिथे सांगितले तिथे, बाकी अंगाला धुतलेले तूप. "डाक्टरचं सोडू नका," त्या मला बजावत. "मी का कोन वैद्य हाय? मी दुकानदारीन." मुलगी रात्री थोडी झोपू लागली. अंघोळ शेठाणी घालत, मी तांब्या धरून उभी असे.

पर्युषणाच्या थोडे आधी चतुर्दशी आली. त्या दिवशी शेठाणी हिरव्या पानाला हात लावीत नसत. तोडणे नाही, चिरणे नाही, उकळणे नाही. अंघोळ तर चुकवायची नव्हती, कारण मुलीचे अंग आदल्या दिवसापासून पुन्हा उठले होते. धान्याला कीड लागू नये म्हणून पोत्यांत घालायचा कडुनिंबाचा वाळलेला पाला दुकानात होता. तो त्यांनी आदल्या दिवशीच दुकानातल्या खलबत्त्यात कुटून घेतला, त्याचे पाणी काढले, हाताला लावले, आणि सकाळी चष्मा कपाळावर चढवून बघितले. लाल नाही. झोंबले नाही. त्या निश्चिंत मनाने वर आल्या.

पहिला तांब्या अंगावर पडला आणि मुलगी जी किंचाळली, तसे रडणे मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते. मग तिचा आवाजच फुटेना, ती लाल होत गेली. शेठाणींनी उजव्या हाताचे बोट त्या पाण्यात बुडवून ओठाला लावले आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या खलबत्त्यात मिरची कुटली जात असे. "साधं पानी आना," त्या म्हणाल्या. मी आणले. आम्ही दोघींनी मुलीला धुतले, पुन्हा धुतले, तूप लावले. सासूबाईंनी तिला ओढून पदराखाली घेतले.

मग शेठाणींनी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि डाव्या हाताच्या त्याच मऊ जागी टोचली. रक्ताचा थेंब आला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. "टोचलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या, "कळत नाय."

मानेतली शीर दबल्याने हात हळूहळू बधिर होत गेला होता, असे पुढे डॉक्टरांनी सांगितले. हातून भांडी निसटत होती. त्यांना वाटत होते, वय झाले. इतके दिवस आपण काय पारखून देत होतो, या विचाराने त्या दोन दिवस दुकानात बसल्या नाहीत. मुलीच्या डॉक्टरांनी पाल्याचे पाणी कायमचे बंद करायला सांगितले. तूप चालेल म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सासूबाई, गणपतींची वाट न बघता, मुलीचे कपडे पिशवीत भरीत होत्या. शेठाणी परात घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"न्हेताय का हिला?"

"न्हेते. हितं पोरीचे हाल व्हत्यात."

"न्ह्या की. माझी चूक झाली, मी अडवनारी कोन? पन ही परात बी न्ह्या. आन् परातीपाशी बसनारी बी न्ह्या."

"तिच्या हातानं व्हत असतं तर मी कशाला न्हेली असती, शेठाणी?" सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. मी तिथेच उभी होते.

शेठाणी माझ्याकडे वळल्या. तोवर त्या मला 'तुमी' म्हणत. त्या दिवशी म्हणाल्या, "माझा हात मेला गं. आता तुझा दे."

त्यांनी माझी बाही वर सारली आणि कोपराच्या वळणात तूप लावले.

"काय वाटतंय?"

"काही नाही," मी म्हणाले. "मला हल्ली काही कळत नाही हो."

"मनाला कोन इचारतंय? कातडीला इचार. गार, ऊन, झोंबतंय, खाजतंय, यातलं एक सांग. काय नाय असं कातडीला नसतंय."

मी थांबले. "गार," मी म्हणाले.

"मग लाव तिला."

मी लावले. मुलगी रडली नाही. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. रिकामी मात्र केली नाही. दिवाळीपर्यंत ती तशीच भरलेली कोपऱ्यात होती.

तेव्हापासून रोज सकाळी मी परातीपाशी बसू लागले. फेसणे माझ्याकडे आले, हाताला लावून बघणे माझ्याकडे आले. अंघोळीचे पाणी, खोबरेल तेल, डॉक्टरांनी बदललेले मलम, नवे झबले, सगळे आधी माझ्या कोपराच्या वळणात. शेठाणी पायरीवर बसून विचारीत, "काय वाटतंय?" आणि 'काही नाही' हे उत्तर त्या घेत नसत. "खरखरीत," मी झबल्याबद्दल म्हणे. "मग ठिव ते बाजूला. हिला पन तसंच लागत आसंल." मुलीला काय लागत असेल, हा विचार मी असा शिकले. मला एकदम माया दाटून आली असे काही झाले नाही. तसे कधी झालेच नाही. फक्त गार आणि ऊन यांतला फरक आधी कळू लागला, आणि बाकीचे त्यामागून हळूहळू, पूर्ण नव्हे, येत गेले.

संवत्सरीच्या दिवशी शेठाणी क्षमा मागायला वर आल्या. त्या दिवशी त्यांच्याकडे लहानथोर सगळे एकमेकांची क्षमा मागत. त्यांनी आधी मला किंवा सासूबाईंना हात जोडले नाहीत. मांडीवरच्या मुलीपुढे वाकून हात जोडले. मुलीने त्यांच्या डाव्या हाताचे बोट धरले. शेठाणी तशाच वाकून राहिल्या आणि मला म्हणाल्या, "बघ गं. घट्ट धरलंय का?"

"घट्ट धरलंय," मी सांगितले.

दुकानातून औषधे देणे त्यांनी बंद केले. कुणी फारच आग्रह केला तर म्हणत, "वर मास्तरीन हाय, तिच्या हाताला इचारा." लोकांना ती थट्टा वाटे. मुलगी बालवाडीत जाऊ लागली आणि माझी शिनोलीला बदली झाली. तोवर इसब बरेच ओसरले होते. थंडीत कोपरे खरखरीत होत, एवढेच. शेठाणी फोनवर विचारीत, "आमच्या बापाच्या दुकानाच्या जागी काय हाय आता?" "मोबाइलचं दुकान," मी सांगे. "तिथं बी बरन्या आसतील का गं," असे म्हणून त्या फोन आपल्या यजमानांच्या हाती देत.

गेल्या थंडीत त्यांच्या सुनेचा फोन आला, शेठाणी गेल्या. मी मुलीला घेऊन एसटीने जुन्नरला गेले. रस्ताभर मी वाट पाहत होते की आता काही वाटेल. घोडेगाव गेले, पुढची गावे गेली. काही वाटले नाही.

दुकानामागच्या खोलीत त्यांना ठेवले होते. बायका अंगाला चंदनाचा लेप लावीत होत्या. सुनेने माझ्यापुढे वाटी केली. "तुमी लावा हाताला. आई तुमचं नाव लई काढायच्या." मी वाटीत बोटे बुडवली, आणि सवयीने बाही वर सारून आधी स्वतःच्या कोपराच्या वळणात लावले. आणि थांबले. बाहेरून कुणीतरी उशीर होतोय म्हणाले. बायका माझ्याकडे बघत होत्या.

मुलगी शेजारी उभी होती. घरी रोज विचारते तसे तिने विचारले, "काय वाटतंय, आई?"

"गार," मी म्हणाले.

मग मी शेठाणींचा डावा हात हातात घेतला आणि लेप लावला.