फिल्टरच्या डब्यातली घाण

युसूफभाई गेले हे मला कळलं ते त्यांना हाकलून देणाऱ्या वर्कशॉपकडूनच. मोबाइलवर संदेश आला. ‘आमच्या परिवारातील ज्येष्ठ सदस्य’, खाली जोडलेले हात, आणि युसूफभाईंच्या फोटोपेक्षा मोठा मॅनेजरचा फोटो. शिसारी आली मला. परिवार म्हणे! ज्या मेकॅनिकला तुम्ही जेवणाच्या डब्यासकट गेटबाहेर काढलं, तो मेल्यावर तुमच्या परिवाराचा झाला व्हय? आता चाळीस दिवस उलटून गेलेत, तरी ती किळस जात नाही. आणि खरं सांगायचं तर ती सगळीच्या सगळी त्या मॅनेजरची नाही...

मी सिल्लोडला कापसाचा व्यापार करतो, राहतो इथं शहरात. पाचेक वर्षांपूर्वी माझ्या डिझेल जीपनं मान टाकली. अजिंठ्याच्या घाटात पाय पार खाली दाबला तरी गाडी उठेना, मागं काळा धूर, समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा. वर्कशॉपवाल्यांनी स्कॅनर लावला आणि सांगितलं, इंजिनात किती हवा जाते हे मोजणारा सेन्सर आकडा कमी दाखवतोय, म्हणजे सेन्सर गेला. बदलला. दिवा विझला, दोन दिवसांनी पुन्हा पेटला. पुन्हा बदलला, पुन्हा पेटला! तिसऱ्या खेपेला मी तिथं असा काही तमाशा केला, की गाडी मुकाट्यानं युसूफभाईंकडं दिली गेली. तिथले सगळ्यात जुने मेकॅनिक ते. सेन्सरला हात लावायच्या आधी कपडे धुवायच्या पावडरीनं हात स्वच्छ धुवायचे, आणि पोरं त्यावरून त्यांची लई टर उडवायची.

त्यांनी स्कॅनरकडं बघितलंसुद्धा नाही. आधी मलाच विचारलं, “सेठ, गाडी खडी किधर रहती?” म्हटलं, सिल्लोडला, गोदामाच्या भिंतीला लागून. “हं,” एवढंच म्हणाले. मग सेन्सरची वायर काढून गाडी फिरवून आणली, वायर लावून पुन्हा फिरवून आणली. दोन्ही वेळा गाडी तशीच मरगळलेली. सेन्सर बिघडला असता, तर वायर काढल्यावर फरक पडला असता. “सेन्सर सच्ची बोल रा, सेठ. हवाच कम आ री. ये लोगां सच बोलनेवालेकोच बदल दे रहे.” आणि त्यांनी एअर फिल्टरचा डबा उघडला.

काय सांगू तुम्हाला! आत उंदरांनी घर केलं होतं. माझ्याच गोदामातला कापूस, मुतानं कडक झालेला, लेंड्यांनी काळा पडलेला, आणि त्यात वाळून चिकटलेली तीन पिल्लं. पण त्याहून घाण गोष्ट गाडीच्या सर्व्हिस कार्डावर होती. दोनच महिन्यांपूर्वी ‘एअर फिल्टर बदलला’ म्हणून तिथं बरोबरची खूण केलेली! डबा तर वर्षभर कुणी उघडलेलाच नव्हता, क्लिपांवर धुळीचा थर तसाच होता. युसूफभाईंनी ते सगळं घरटं फिल्टरसकट उचललं आणि थेट काचेच्या केबिनमध्ये मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं. “साहब, ये बदल्या था क्या आपने?” बाहेर बसलेली सगळी गिऱ्हाइकं उठून बघायला लागली. मी तर मोठ्यानं “शाब्बास!” म्हणालो.

अर्ध्या तासानं मॅनेजरनं मला आत बोलावलं. एक कागद पुढं सरकवला. त्यात माझ्या नावानं लिहिलेलं: मेकॅनिकनं माझ्या परवानगीशिवाय डबा उघडला, घाण त्यानंच बाहेरून आणली असावी, माझी वर्कशॉपबद्दल काही तक्रार नाही. सही केली तर गाडी आत्ता, नाहीतर चौकशी संपेपर्यंत इथंच. त्या संध्याकाळी सोयगावला पुतण्याचा साखरपुडा होता. नवरदेव माझ्याच जीपमधून जाणार असं मी घरात छाती ठोकून सांगून बसलो होतो. कुणी आजारी नव्हतं, कुणाचा जीव जात नव्हता. नुसती मिरवायची हौस... आणि मी सही केली. थू माझ्या जिंदगानीवर!

दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. खोटारडा ठरवून काढलं. पुढं त्यांनी हर्सूलच्या रस्त्याला स्वतःचं काम सुरू केलं आणि मी निर्लज्जासारखा गाडी घेऊन तिथंच जायला लागलो, कारण दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता ना! त्या कागदाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. उलट पुतण्याला मुलगा झाला तेव्हा आठवणीनं विचारपूस केली. मी सोयीनं समजूत करून घेतली, की यांना काही माहीतच नाही.

चाळिसाव्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोला, शमीमभाभींना, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, त्या शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. त्या डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, “उनको मालूम था, भाईसाब. मॅनेजरने उसीच दिन कागज दिखाया था. आप गाडी लेके आये की शाम कू घर आके बोलते थे, आज बी कुछ नहीं बोले सेठ.”

काम झालं की युसूफभाई बोनेट लावायचे, हात पुसायचे आणि माझ्या खिडकीपाशी येऊन दारावर हात ठेवून उभे राहायचे. हा माणूस उगाच घुटमळतो, असं मला वाटायचं. पाच वर्षं ते तसे उभे राहिले, आणि दर वेळी मी काच वर करून निघून आलो.