फर्नखाली गाडलेल्या टोप्या

एनिड क्विल्टीचं ब्रिस्बेनच्या टेकडीवरचं घर तसं साधंच. लाकडी फळ्यांच्या भिंती, वर पत्रा, पुढे व्हरांडा आणि सगळं घर उचलून धरणारे खांब. उताराच्या बाजूला ते माणसाहून उंच, मागे जेमतेम गुडघ्याएवढे. रेल्वेत रूळ दुरुस्त करणाऱ्या तिच्या सासऱ्यांनी हे घर स्वतःच्या हातांनी बांधलं. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर त्यांनी पत्र्याची पसरट टोपी बसवली. ती ओलांडायची तर वाळवीला उघड्यावर यावं लागतं, आणि मातीचा बोगदा दिसला की माणूस वेळीच सावध होतो.

एनिडचा नवरा लेस दर महिन्याला टॉर्च घेऊन टोप्या तपासायचा. नऊ वर्षांपूर्वी तो गेला आणि ते वाकायचं काम मागे पडलं. एनिडने मागच्या सावलीत फर्नची झाडं लावली, दरवर्षी चार टोपल्या नवी माती घातली. फर्न अशी माजली की शेजारणी रोपं मागायला यायच्या, आणि एनिडच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. माती टोप्यांच्या वर गेल्याचं तिच्या लक्षातच आलं नाही.

लक्षात आलं ते न्हाणीघराची भिंत पुसताना. फळीत तिचा अंगठा आरपार गेला.

मुलगा रॉस आला आणि त्याने कपाळाला हात लावला. "आई, तुळया खाल्ल्या असतील तर संपलंच. जागा विकावी लागेल."

एनिडला आठवलं, गल्लीतली विकलेली दोन लाकडी घरं मधोमध कापून, ट्रकवर चढवून दुसरीकडे नेऊन उभी केली होती. वाळवीने खाल्लेल्या घराच्या नशिबी तेही नसतं, ते सरळ पाडतात. आणि हे सगळं आपल्या हातून झालंय, हे मुलाला सांगायचा तिला धीर होईना.

दुसऱ्या दिवशी व्हिन्स टॅरंट हातोडा आणि छिन्नी घेऊन आला. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या घरांचे खांब बदलले होते. रॉस गाडी लावायला गेल्याची संधी साधून एनिड पुटपुटली, "व्हिन्स, ती माती मीच घातली रे."

"दिसतंय ना! टोप्या पार गाडून टाकल्यास. लेस असता तर महिनाभर बोलला नसता तुझ्याशी."

"लेस? त्याला तासभर तरी जमलं असतं का गप्प बसायला?"

व्हिन्स हसत घराखाली सरपटला. ठक, ठक. मध्येच आवाज पोकळ आला आणि एनिडने पायरीचा कठडा घट्ट धरला. मग पुन्हा ठक, ठक, भरीव. अर्ध्या तासाने तो कोळिष्टकं झटकत बाहेर आला.

"न्हाणीघर लेसने बांधलं ना? फळ्या कसल्या घातल्या होत्या?"

"खोक्यांच्या. फुकट मिळाल्या म्हणून."

"मग वाळवीलाही फुकटचंच गोड लागलं. मागचे तीन खांब आणि ते न्हाणीघर, बस्स."

"आणि तुळया?" रॉसने विचारलं.

"आयर्नबार्क आहे राजा. तुझ्या आजोबांनी काय लाकूड निवडलंय! माझी छिन्नी बोथट झाली. खांब बदला, औषध मारा. घर तुझ्यापेक्षा धडधाकट आहे."

एनिडचा जीव भांड्यात पडला. ती एकदम हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

जेवण झाल्यावर ती आणि रॉस माती उपसायला बसले. फर्न मुळांसकट निघत होती, पण तिला आज त्यांचं काही वाटलं नाही. पहिल्या टोपीची कड दिसली तेव्हा मात्र तिला राहवेना.

"रॉस, ही माझी चूक. मी माती घालत गेले."

"माहितीये," रॉस खाली बघत म्हणाला. "मी दर नाताळला बघायचो. पण बाबा गेल्यावर तू फक्त या झाडांपाशीच हसायचीस. कसं सांगणार होतो?"

एनिडने मातीचा हात तसाच त्याच्या गालावर ठेवला.

"गाढवा," ती म्हणाली, "पुढच्या वेळी सांग."