लिहून घेणार कंपनी, राहणार सगळीकडे

बड्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या अटी आणि शर्ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो श्रीगोंद्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. ज्यांनी त्या अटी लिहिल्या त्यांनीही त्या पुन्हा वाचल्या असतील, असं मला वाटत नाही. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली एक टेबल, एक लोखंडी पेटी आणि दोन खुर्च्या मांडून त्यांनी चाळीस वर्षं दस्त लिहिले. तालुक्यातल्या कितीतरी जमिनी त्यांच्या अक्षरातून इकडच्या तिकडे झाल्या. त्यांचा नियम एकच होता. दस्त लिहून झाला की तो मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि लिहून देणारा 'समजलं' म्हणेपर्यंत अंगठ्याच्या शाईचा डबा उघडायचा नाही. नुसती मान हलवलेली चालत नसे. "काय समजलं ते सांग," असं ते विचारत आणि समोरचा अडखळला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. शेजारच्या टेबलावर तेवढ्या वेळात तीन दस्त उरकायचे. पण चाचांचा दस्त घेऊन कोर्टाची पायरी चढलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी लिंबाखालचं टेबल उचललं आणि ओट्यावर आणून मांडलं. नेमका त्याच महिन्यात मी माझ्या घरगुती मसाल्याच्या ऑर्डरींसाठी नवा फोन घेतला. भिंतीपलीकडून चाचांनी विचारलं, "बेटा, आत्ता काय दाबलंस?" मी म्हटलं, मान्य आहे असं दाबलं, त्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी घर कोणाच्या तरी नावावर करून आले आहे. त्यांनी मला झेरॉक्सच्या दुकानात पाठवून त्या सगळ्या अटी छापून आणायला लावल्या आणि पुढच्या तीन संध्याकाळी इंग्रजी वाचत, मराठी करत, ओट्यावर मला ऐकवल्या. मी मिरच्यांची देठं काढत ऐकलं. माझी पाच किलो मिरची निवडून झाली, एवढा माझा फायदा. चाचांनी मात्र प्रत्येक पानाच्या समासात लाल पेनानं प्रश्न लिहिले. लिहून घेणाऱ्याचं पूर्ण नाव, वय? साक्षीदार कोण? माहिती 'क्लाउड'मध्ये ठेवणार, तर त्या जागेच्या चतुःसीमा काय, पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण? वाद झाला तर कोर्ट सातासमुद्रापार, मग वाद घालणाऱ्याचं भाडं कोण देणार? आणि शेवटी, या अटी आम्ही केव्हाही बदलू शकतो, या वाक्यासमोर फक्त एक मोठं उद्गारचिन्ह. चाचा बोलण्यात कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी आयुष्यात काढलेलं ते पहिलं उद्गारचिन्ह असावं.

हे प्रश्न त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून कंपनीच्या परदेशातल्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवले, पोचपावतीसह. पोस्टमनला ते दर सोमवारी विचारत, अमेरिका काय म्हणते? शेवटी माझ्याच फोनवर उत्तर आलं, कारण पत्रात संपर्कासाठी ई-मेलचा पत्ता माझा होता. मी वाचून दाखवलं, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. "खाली सही कोणाची?" सही नव्हती. "बिनसहीचा कागद," चाचा म्हणाले आणि विषय मिटवला. म्हणजे निदान मला तसं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत कोणीही फोनमध्ये नवीन काही उतरवायला लागलं की ते ओट्यावरून हाक मारायचे, आणि माणूस जरा मऊ निघाला तर त्याला बसवून वाचून दाखवायचे. माणसं मग त्यांच्या घरावरून जाताना फोन खिशात घालू लागली. बँकेसमोर हेल्मेट काढावं तसं ते आपोआप व्हायचं.

त्यांचा आक्षेप कंपन्या मोठ्या आहेत याला कधीच नव्हता. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर एकदा पुण्याचे एक प्राध्यापक या विषयावर बोलायला आले होते. आमचे हे शाळेत शिक्षक, त्यामुळे आभार मानायला त्यांना आणि सतरंज्या मोजायला मला जावं लागलं. प्राध्यापक तासभर बोलले. मूठभर कंपन्या निवडणुका फिरवतील, नोकऱ्या खातील, खरं-खोटं कळेनासं करतील, विचार करणारी यंत्रं हाताबाहेर जातील, सगळ्या जगाला धोका आहे. ज्येष्ठ नागरिक जगाच्या काळजीनं गंभीर झाले आणि चहा आला की नाही ते पाहू लागले. चाचा उठले आणि त्यांनी एवढंच विचारलं, की कंपनीच्या वतीनं सही कोण करतं. प्राध्यापक म्हणाले, वा, फार प्रतीकात्मक प्रश्न आहे, आणि टाळ्या पडल्या. "टाळ्या नकोत, साहेब," चाचा म्हणाले, "नाव सांगा." प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं आणि यांनी आभार मानायला घेतलं. मग कचेरीतल्या एका तरुण वकिलानं त्यांची जिरवायचं ठरवलं. तसल्याच एका विचार करणाऱ्या यंत्राकडून त्यानं चुटकीसरशी खरेदीखत लिहून घेतलं आणि चाचांपुढं ठेवलं. भाषा तुपासारखी होती. चाचांनी चष्मा पुसून सगळं वाचलं आणि उत्तरेच्या सीमेवर बोट ठेवलं. तिथं यंत्रानं आपल्या मनानं बारमाही नदी लिहिली होती. "वकीलसाहेब," ते म्हणाले, "ही नदी असती तर लिहून देणाऱ्यानं जमीन विकली कशाला असती?"

इथवर सगळी करमणूक होती. मग त्यांचा जावई, सुप्याच्या एका कारखान्यात काम करणारा, कारखान्यानंच जर्मनीला पाठवला. लेक बरोबर गेली आणि तिकडे नात झाली. नातीचं तोंड पाहायचं तर फोनवर, आणि फोनवर पाहायचं तर आधी मान्य आहे म्हणायला हवं. चाचा साधा बटणांचा फोन कानाला लावून लेकीशी बोलायचे, नातीचं रडणं ऐकायचे आणि ठेवून द्यायचे. मी म्हटलं, चाचा, माझ्या फोनवर बघा की. तर म्हणाले, "दस्त तुझ्या नावाचा, बेटा. त्यात मी कब्जा कसा घेऊ?" चाची अशा कायद्यातल्या नव्हत्या. दर शुक्रवारी विरजण मागायचं निमित्त काढून त्या आमच्याकडे यायच्या आणि तासभर नात बघायच्या. एवढ्या विरजणात श्रीगोंद्याला दही पुरलं असतं. हळूहळू पोर साऱ्या गल्लीनं पाहिली. तिला दात आले ते किराणावाल्यानंही पाहिलं. चाचा तेवढा वेळ भिंतीपलीकडे पेपर वाचत असायचे, आणि पोर हसली की त्यांच्या पेपरचं पान उलटायचं थांबायचं. माझ्या ते लक्षात आलं होतं.

पोर दीड वर्षाची झाली. त्या शुक्रवारी आमचे हे चाचींच्या मागे बसून शेव खात होते. तिकडून लेक पोरीला आईच्या वडिलांना हाक मारायला शिकवत होती, म्हण नाना, नाना म्हण. पोरीनं सगळ्या पडद्यावर नजर फिरवली, तिथं एकच पुरुष होता, आणि त्याच्याकडे बोट करून तिनं स्पष्ट म्हटलं, "नाना." यांची शेव हातातच राहिली. चाचींनी फोन माझ्या हातात दिला, विरजणाची वाटी तिथेच सोडून त्या घरी गेल्या, आणि भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज ऐकू आला. भांडणाचा नव्हता.

"पोर आज नाना म्हनली. सरांकडं बघून. लई वाचलं तुमी, आता बघा जरा."

पलीकडे पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

रविवारी दुपारी चाचांनी आम्हा दोघांना ओट्यावर बोलावलं. टेबलावर नवा फोन होता आणि शेजारी त्यांच्या अक्षरातला दस्त, दोन प्रतींत. नियमाप्रमाणे त्यांनी तो वाचून दाखवला. लिहून देणार, मी, वय एकाहत्तर, धंदा दस्तलेखन, राहणार श्रीगोंदा. लिहून घेणार, कंपनी, वय माहीत नाही, धंदा सगळेच, राहणार सगळीकडे. मोबदला, नातीचं तोंड. अटी, वाचल्या, समजल्या, पटल्या नाहीत. शेवटी ते वाक्य आलं, जे त्यांनी चाळीस वर्षं प्रत्येक दस्ताच्या खाली लिहिलं होतं: सदर दस्त राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिला असे. तिथं ते थांबले. पेन उचललं, पट्टी लावली आणि 'राजीखुशीने' या शब्दावर सरळ रेघ मारली. समासात छोटी सही केली आणि तळाला लिहिलं, खाडाखोड एक.

साक्षीदार म्हणून मी सही केली. यांनीही केली, मान खाली घालून, जणू काही त्यांनीच नात पळवली होती. मग चाचांनी फोन हातात घेतला आणि मान्य आहे या शब्दावर अंगठा टेकवला. टेकवून तो तसाच धरून ठेवला, शाई उमटायची वाट बघावी तसा. "शेवटी अंगठाच," ते म्हणाले.

फोन लागला. पोरीनं चाचांकडे पाहिलं आणि आईच्या खांद्यात तोंड लपवलं. चाचांनी टोपी सारखी केली, घसा साफ केला. पोरीनं हळूच एक डोळा वर काढून त्यांच्या मागे कोणाला तरी शोधलं. चाचांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी वळून यांना पुढं बोलावलं.

"सर, या. ओळख पटवून द्या."

रजिस्ट्रारपुढे दस्त नोंदवताना असंच करतात. माणूस तोच आहे, असं त्याला ओळखणाऱ्यानं सांगायचं असतं. हे वाकून फोनसमोर आले, चाचांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर्गात सांगतात तसं स्वच्छ सांगितलं, "हे नाना. मी नाही. हे." पोरीनं दोघांना नीट बघून घेतलं. मग तिनं बोट उचललं, आणि या खेपेला ते बरोबर माणसाकडे गेलं.

याला आता वर्ष होत आलं. चाचा दर शुक्रवारी स्वतःच्या फोनवर नात बघतात, आणि चाची आमच्याकडे विरजण मागायला येत नाहीत. अधूनमधून कंपनी अटी बदलते, पडद्यावर चौकट येते, चाचा अंगठा लावतात. वाचत नाहीत. नात वाट बघत असते. ओट्यावरून कोणाला हाक मारल्याचंही हल्ली ऐकू येत नाही, आणि संध्याकाळी मिरच्या निवडायला बसलं की ते मला जाणवतं.

त्या दस्ताची एक प्रत चाचांच्या पेटीत आहे. दुसरी, लिहून घेणाऱ्याची, त्यांनी माझ्याकडे सोपवली, कारण माझ्या फायली जागच्या जागी असतात. वीजबिलं आणि घरपट्टी यांच्या मधल्या फायलीत ती आहे. भिंतीपलीकडून चाचा कधीतरी विचारतात, कोणी आलं होतं का प्रत न्यायला. मी सांगते, अजून नाही, चाचा.

"असू दे," ते म्हणतात. "जपून ठेव."